डावा स्पीकर

शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजचा टेम्पो दारासमोर थांबला, ड्रायव्हरनं तीन खोकी उतरवून जिन्याजवळ ठेवली, आणि तिथेच मिस्त्रीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मोठ्या खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर, बाकीच्या दोन खोक्यांत एकेक स्पीकर. वर मालकांच्या अक्षरात चिठ्ठी: 'पंचवीस वर्षं झाली. घरी लाव. रविवारी पाचला ऐकायला येतो.'

एवढंच. ना शाबासकी, ना अभिनंदन.

आता मालकांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. गॅरेजमधलं ऑइलनं माखलेलं फडकंसुद्धा ते धुऊन पुन्हा वापरायला लावतात. कुणाला चहाला बोलावलं तर बिस्किटांचा पुडा स्वतःच्या कोपराखाली ठेवून बसतात. असा माणूस अचानक गाणी ऐकायची मशीन पाठवतो, आणि वर स्वतः ऐकायला येतो म्हणतो? अहो, भेट देणारा माणूस भेट देतो आणि मोकळा होतो. ऐकायला कशाला यायचं? 'हा मला पकडायला येतोय,' मिस्त्री मनात म्हणाला.

उगाच नाही म्हणाला. मिस्त्रीचा डावा कान गेला होता.

वर्ष होत आलं होतं त्याला. तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळला होता. उठला तेव्हा ताप गेला होता आणि जाताना डाव्या कानातलं सगळं घेऊन गेला होता. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणून त्यानं वाट पाहिली. कान काही उघडला नाही. त्यानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर कागद देतो आणि कागदाला पाय फुटतात. बायकोला तर मुळीच सांगितलं नाही. ती औषधांच्या दुकानात काम करायची. कानात घालायच्या थेंबांची बाटली मागितली असती तरी तिनं दहा प्रश्न विचारले असते आणि संध्याकाळपर्यंत दुकानातल्या सगळ्यांना मिस्त्रीच्या कानाची काळजी लागली असती.

आणि मिस्त्रीचा कान म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. गॅरेजचं अर्धं नाव त्या कानावर होतं. गाडी सुरू करायची, बॉनेट उघडायचं, मिस्त्रीनं डोळे मिटून मान जराशी कलती करायची आणि बोट दाखवायचं. 'इथे.' खोलून बघितलं की बिघाड तिथेच. लोक लांबून लांबून यायचे. आता एका कानानं आवाज ऐकू यायचा, नाही असं नाही. खरखर आहे, शिट्टी आहे, टकटक आहे, सगळं कळायचं. पण ती कुठून येतेय ते कळायचं नाही. सगळा आवाज एकाच बाजूला येऊन बसायचा. इंजिन उभं असलं तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका भागावर टेकवून त्याची मूठ उजव्या कानाला लावता यायची. ती पद्धत जुनीच, सगळेच मिस्त्री करतात, त्यामुळे कुणाला संशय नाही. पण गाडी रस्त्यावर धावत असताना स्क्रूड्रायव्हर कुठे लावणार?

मागच्या महिन्यात तेच झालं. एक पांढरी गाडी आली होती, चालताना पुढून घरघर करणारी. मिस्त्री तिच्यात बसून एक फेरी मारून आला आणि छातीठोकपणे म्हणाला, "उजवं पुढचं चाक." उजव्या चाकाचं बेअरिंग बदललं. चार दिवसांत गाडी परत आली. डाव्या चाकाचं बेअरिंग पार खिळखिळं झालं होतं. गॅरेजमध्ये एक नवा माणूस आला होता, गाडीला वायर जोडून पडद्यावर आकडे वाचणारा. सगळे त्याला संगणकवाला म्हणायचे. त्यानं मिस्त्रीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "आवाज फिरतो कधी कधी," मिस्त्री म्हणाला. संगणकवाला काही बोलला नाही. न बोलणारी माणसं मिस्त्रीला आताशा फार सलायला लागली होती.

तेव्हा हे उघड होतं. संगणकवाल्यानं मालकांचे कान भरले. आठवडाभर तो गाड्या धूत होता, पण ते मिस्त्रीला झुलवायला. मालकांनी विचार केला, सरळ विचारलं तर मिस्त्री कबूल करणार नाही. मग काय करायचं? दोन स्पीकरची मशीन पाठवायची. मालकांच्या फोनवर हल्ली सारखी वाजते ती बासरी-व्हायोलिनची धून लावायची, एकातून एक वाद्य, दुसऱ्यातून दुसरं. समोर बसून सहज विचारायचं, काय रे, बासरी कुठून येतेय? झालं. पंचवीस वर्षांची अब्रू एका बासरीत संपली असती.

शनिवारी गॅरेज दुपारीच सुटलं. घरी आल्यावर मिस्त्रीनं खोकी पुढच्या खोलीत ओढली आणि आधी चिकटपट्ट्या तपासल्या. मोठ्या खोक्याची पट्टी एकदा कापून पुन्हा चिकटवलेली होती. 'बघ,' तो स्वतःशीच म्हणाला. त्यानं अ‍ॅम्प्लिफायर बाहेर काढून उलटासुलटा केला, मागच्या जाळीतून टॉर्च मारली, स्पीकर कानाशी धरून हलवले.

"काय शोधताय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. उंदीरबिंदीर."

"नव्या खोक्यात?"

"सांगता येत नाही. गोदामात असतात."

सोफ्यावर बसून तिनं माहितीपुस्तक उघडलं. बारीक अक्षर वाचायची तिला सवय, दिवसभर तेच काम. मिस्त्रीनं तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघितलं. गेले कित्येक महिने ही बाई मोजूनमापून बोलत होती. पूर्वी घरात पाऊल टाकलं की दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला सुरू व्हायच्या, हसून हसून पुरेवाट व्हायची. आता जेवण वाढायची, एखादा शब्द टाकायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. कधी तर जेवताना त्याच्या डाव्या हाताला बसून इतकं हळू बोलायची की त्याला फक्त ओठ हललेले दिसायचे. 'मुद्दाम,' मिस्त्रीला वाटायचं. 'माझा कान जोखते ही.' मग तो अशा वेळी ऐकलं न ऐकलं करून दुसरीकडे बघायचा. चुकीचं उत्तर देऊन सापडण्यापेक्षा ते बरं.

"वाच," तो म्हणाला.

"दोन्ही स्पीकर एकमेकांपासून लांब ठेवावेत. ऐकणाऱ्यानं दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसावं. म्हणजे गाणारा आपल्यासमोर मधोमध उभा आहे असं वाटेल."

"गाणारा कशाला उभा राहतोय आपल्या घरात," मिस्त्री कुरकुरला. पण हात कामाला लागले होते. एक स्पीकर खिडकीखालच्या तिवईवर, दुसरा पुस्तकांच्या कपाटाशेजारी. इस्त्रीचं टेबल उचलून आतल्या खोलीत. वायर सोलण्यात त्याचा हात कोण धरणार? चार टोकं, चार वेळा कच्‌ कच्‌, तांब्याची तार पिळून गोल. लाल टोक लाल खाचेत, काळं काळ्या. रिमोटमध्ये सेल घातले. अ‍ॅम्प्लिफायरवर निळा दिवा लागला आणि एवढ्या धास्तीतही त्याला क्षणभर बरं वाटलं. यंत्र सुरू झालं की त्याला नेहमीच बरं वाटायचं.

"चाचणीचं बटण आहे," बायको म्हणाली. "दाबल्यावर आधी डावीकडून आवाज येईल, मग उजवीकडून. दाबू?"

नको म्हणायला काही कारण सापडेना. "दाब."

फुस्स झालं. मग परत फुस्स. मिस्त्रीसाठी दोन्ही फुस्स उजवीकडचेच होते, पहिला जरा लांबचा, एवढंच.

"आला का बरोबर?"

"आला की. आधी डावीकडून आला, मग उजवीकडून आला. अगदी स्वच्छ आला. वायरिंग एक नंबर झालंय."

ती पुस्तक मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं?" मिस्त्रीनं दचकून विचारलं.

"काही नाही. आज बरंच बोलताय."

घ्या! म्हणजे हिला कळलं. जास्त बोललो. चोर माणूस नेहमी जास्त बोलतो, हे त्याला पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांकडे बघून पाठ झालं होतं. गाडी ठोकून आणणारा कधी दोन वाक्यांत थांबत नाही. मिस्त्रीनं ओठ घट्ट मिटले आणि उरलेल्या वायरी भिंतीच्या कडेनं लावत बसला. बायको थोडा वेळ थांबली, मग उठून आत गेली.

ती दुकानात गेल्यावर त्यानं माहितीपुस्तक स्वतः हातात घेतलं. आधी त्यानं दोन्ही स्पीकरवरचं काळं कापड काढलं. आतला गोल कागदी पडदा आवाजाबरोबर थरथरतो, ते डोळ्यांना दिसतं. म्हणजे कानानं नाही तर डोळ्यांनी सांगता येईल, कुठला स्पीकर वाजतोय ते. गाणं लावून बघितलं. दोन्ही पडदे थरथरत होते आणि त्यातला कुठला बासरीसाठी थरथरतोय ते देवालाच ठाऊक. कापड परत लावलं. मग पानं उलटता उलटता, अगदी शेवटी, त्याला हवं ते सापडलं. रिमोटवर एक छोटं बटण होतं, मोनो नावाचं. ते दाबलं की दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. डावं नाही, उजवं नाही, सगळ्यांना सगळं मधोमध.

मिस्त्रीनं ते वाक्य तीनदा वाचलं. त्याचा जीव भांड्यात पडला. विचारा आता, बासरी कुठून येतेय! मधून येतेय, मालक. व्हायोलिन? तेही मधून. आणि त्यात खोटं काहीच नाही. त्यानं बटण दाबलं. अ‍ॅम्प्लिफायरवर एक पिवळा ठिपका लागला. तेवढी एक अडचण. मिस्त्रीनं खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं, नखाएवढा तुकडा कापला आणि ठिपक्यावर बसवला. लांबून कुणाला दिसलाही नसता.

रविवारी पाचला पाच मिनिटं असताना मालक आले. स्वच्छ शर्ट, विंचरलेले केस आणि हातात बिस्किटांचा पुडा. तो त्यांनी चक्क बायकोच्या हातात दिला. "वहिनी, चहाबरोबर चालेल." मिस्त्रीच्या काळजाचं पाणी झालं. मालक बिस्किटं देताहेत म्हणजे प्रकरण फार पुढे गेलंय.

"खोक्याची पट्टी फाडलेली दिसली असेल," मालक सोफ्यावर बसत म्हणाले. "मीच फाडली. सेल घातलेत का नाही ते बघायला. नाहीतर तू मला शिव्या घालत बाजारात पळाला असतास."

"छे छे, मालक."

"माझ्या घरी हेच आहे. दोन महिने झाले. मी म्हटलं, ज्या माणसानं पंचवीस वर्षं माझ्याकडे नुसती खरखर आणि खडखड ऐकली, त्यानं जरा काही चांगलंही ऐकावं." एवढं बोलून मालक अवघडले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. मऊ बोलायची त्यांना सवय नव्हती.

हा सापळ्याचा भाग असावा असं मिस्त्रीनं मनाला बजावून बघितलं. पण मालकांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"आणि दुसरं एक," मालक म्हणाले. "गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची शेवटची फेरी आजवर मी मारली. आता गुडघे ऐकत नाहीत. एक तारखेपासून ती तू मारायचीस. तू हो म्हटल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. पाटी बदलून घेतोय, खाली तुझं नाव येईल."

मिस्त्री उभ्या उभ्या गार पडला. ह्या जागेसाठी त्यानं आयुष्यभर वाट पाहिली होती. फाटकाबाहेरची शेवटची फेरी म्हणजे गॅरेजमधला सगळ्यात मोठा मान. आणि ती कानानं मारायची असते.

"तो संगणकवाला मला शहाणपणा शिकवायला आला होता," मालक पुढे म्हणाले. "म्हणे त्या पांढऱ्या गाडीचं मिस्त्रींचं चुकलं, त्यांचं ऐकणं एकदा तपासून घ्या. मी त्याला म्हटलं, मिस्त्रीचा कान चुकत नाही, तुझीच मशीन चुकली असेल. आठवडा झाला, गाड्या धुवायला लावलंय त्याला. डोकं ठिकाणावर येईल. बरं, लाव बघू काहीतरी. थांब, मीच लावतो, माझ्या फोनवर आहे."

मालकांची धून सुरू झाली. मालकांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे काय? माझ्याकडे बासरी खिडकीकडून येते, व्हायोलिन दाराकडून. इथे सगळं एका जागी गोळा झालंय." ते गुडघ्यावर हात टेकून उठले, दोन्ही स्पीकरजवळ जाऊन आले. "दुकानदारानं बिघडलेला माल गळ्यात मारला. त्या विक्रेत्याला मी दहादा बजावलं होतं, तपासून दे म्हणून. थांब, त्याच्या शेठलाच फोन लावतो. उद्याच्या उद्या हाकलायला लावतो त्याला."

"मालक, राहू द्या."

"का राहू द्यायचं?" फोनवर बोट ठेवूनच मालक थांबले. "बरं, आधी तू बघ. तुझ्यासारखा कान घरात असताना मी कशाला बडबडतोय? ऐक आणि सांग, डावा गेलाय की उजवा."

हे तर ठरवूनसुद्धा इतकं अंगाशी आलं नसतं! ज्या प्रश्नाला घाबरून त्यानं एवढा उद्योग केला, तो प्रश्न त्या उद्योगामुळेच समोर येऊन उभा राहिला होता. सापळाबिपळा कुणी लावला नव्हता. जो काही होता तो त्यानं स्वतःच लावला होता.

पण हात कसबी. मिस्त्रीनं रिमोट तळहातात लपवला, अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वाकला, एक वायर उगाच हलवली आणि अंगठ्यानं मोनोचं बटण पुन्हा दाबलं.

"अरे वा!" मालक ओरडले. "उघडलं! बासरी गेली खिडकीकडे. वहिनी, बघितलंत? एका मिनिटात. याला म्हणतात कान! काय होतं रे?"

"वायर सैल होती," मिस्त्री म्हणाला.

सगळं जमलं होतं. बढती मिळाली होती, विक्रेता वाचला होता, कान शाबूत होता. मालक सोफ्यावर रेलून मान डोलवत होते. मिस्त्री त्यांच्या शेजारी बसला. त्याला धून ऐकू येत होती, उजवीकडून, सगळीच्या सगळी. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र ती पांढरी गाडी आली. परत आली तेव्हा मागच्या सीटवर दोन लहान पोरं होती, एकमेकांशी भांडत. ते चाक चार दिवस तसंच फिरलं होतं. आणि ज्यानं खरं सांगितलं तो हातात पाण्याचा पाइप घेऊन उभा होता. एक तारखेपासून अशा किती गाड्यांना तो हो म्हणणार होता? मिस्त्रीला स्वतःचीच शिसारी आली.

त्यानं आवाज बंद केला.

"काय रे?" मालकांनी डोळे उघडले.

"वायर सैल नव्हती, मालक. ते बटण होतं. मीच दाबलं होतं, तुम्हाला कळू नये म्हणून. मला बासरी कुठून येते ते कळत नाही. डावा कान गेलाय माझा."

मालक सोफ्यावर ताठ झाले. "कधी?"

"वर्ष झालं."

"वर्ष! आणि वर्षभर तू लोकांच्या गाड्या..." मालकांचा आवाज चढला आणि फाटला. "त्या पांढऱ्या गाडीत माणसं होती, मिस्त्री! मी तुझ्यासाठी भांडलो. त्या बिचाऱ्याला वाटेल ते बोललो, गाड्या धुवायला लावलं. तू रोज ते बघत होतास. मूग गिळून बघत होतास!"

"हो."

"सांगायला तोंड नव्हतं?"

"भीती वाटली," मिस्त्री म्हणाला. दुसरं काही खरं नव्हतं.

मालक उठले. चहा तसाच राहिला. दारापर्यंत जाऊन ते थांबले, पण वळले नाहीत. मिस्त्रीला त्यांचं बोलणं ऐकायला पुढे जावं लागलं.

"शेवटची फेरी तुझ्याकडे येणार नाही. ते विसर. उद्या कामावर ये. उभ्या इंजिनाचं काम कर, आणि गाडी रस्त्यावर न्यायची असेल तर संगणकवाल्याला बरोबर घेऊन बस. आधी त्याची माफी माग. सगळ्यांसमोर." मग जरा थांबून ते म्हणाले, "मलाही मागायची आहे." आणि जिना उतरायला लागले, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

मिस्त्री परत येऊन सोफ्यावर बसला. त्याला वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं, दोन्ही एकदम. पाटी गेली, मान गेला. उद्या सगळ्या गॅरेजमध्ये बोभाटा होणार.

बायको चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं ट्रे खाली ठेवला आणि त्याच्यासमोर आली.

"त्या तापात गेला?"

"हो. तुला कळलंच होतं ना. तू जोखत होतीस मला. हळू हळू बोलून."

"मी?" ती म्हणाली. "मी कशाला जोखीन? मी नेहमीसारखीच बोलत होते. तुम्ही उत्तर देत नव्हता. मी काहीतरी सांगायला जायचे आणि तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवायचात. एकदा, दोनदा, रोज. मला वाटलं, या माणसाला माझा वीट आला. मग मीही गप्प बसायला लागले. तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे, काय चुकलं माझं ते शोधत."

मिस्त्रीनं मान वर केली. वर्षभर त्यानं सगळ्या जगाचा संशय घेतला होता, पण हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मागच्या महिन्यात जेवताना मी तुम्हाला विचारलं होतं," बायको म्हणाली. "ताईकडे राहायला जाऊ का म्हणून. परत न येण्यासाठी. तुम्ही पाण्याचा पेला उचललात, प्यायलात आणि उठून हात धुवायला गेलात. मी ते उत्तर समजले. ताईला कळवलंय, एक तारखेला येते म्हणून. दुकानातही सांगून झालंय."

"मला ऐकू आलं नाही गं," मिस्त्री म्हणाला. "आईशप्पथ, मला एक अक्षर ऐकू आलं नाही."

ती सोफ्याला वळसा घालून आली, त्याच्या उजव्या हाताला बसली आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

"मग आता विचारते," ती म्हणाली. "जाऊ का मी?"

"नको," मिस्त्री म्हणाला. आपण ते पुरेसं मोठ्यानं बोललो की नाही, याची त्याला खात्री वाटेना. म्हणून तो पुन्हा म्हणाला, "नको जाऊस."